गाव कंचं? कुणापैकी?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. पुसेगावहून दहिवडीकडं निघालो होतो, सकाळचे नऊच वाजले असतील पण ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि मधेच गाडीचं मागचं चाक बसलं. दोन्हीकडं ज्वारी निघून गेलेली रिकामी रानं, लांब एक बाभळ, मोबाईलला रेंजची एक काडी येतीय आणि जातीय. गाडी ढकलत निघालो तोवर मागनं दुधाचे कॅन लावलेली एक स्प्लेंडर आली आणि आपणहून थांबली.

"पंक्चर का पाव्हणं?"

हो म्हणालो. त्यानं एकदा चाकाकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. "मी थांबलो तर दूध नासंल, पण फाट्यावर पंक्चरवाला हाय, त्याला हिकडं धाडतो. तुम्ही त्या वस्तीवर सावलीला बसा." आणि गाडीवरनंच वस्तीकडं तोंड करून ओरडला, "आज्जेऽ, पाव्हणं हायती, पाणी दे गं!" आणि गेला. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

वस्तीवरच्या आजींनी तांब्याभर पाणी आणलं, सोबत गुळाचा खडा. उन्हातनं आलाय, नुसतं पाणी घटाघटा पिऊ नका, आधी गूळ खावा म्हणाल्या. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि मग आपल्याकडं जो प्रश्न येतोच तो आला. "गाव कंचं?" तासगाव. "कुणापैकी?" मी आडनाव सांगितलं. आजींनी थोडा वेळ आठवलं आणि त्यांच्या बहिणीची नात सावळजला दिलीय असं निघालं, म्हणजे माझ्याच तालुक्यात. "मंग तुम्ही आमच्या पोरीच्या गावाकडलंच की!" आणि चहाचं भांडं चुलीवर चढलं. पाऊण तासानं पंक्चरवाला पोरगा पाना, पंप, ट्यूब सगळं घेऊन आला, निघताना आजींनी भुईमुगाच्या शेंगा भरून एक ॲल्युमिनियमचा डबा हातात दिला, मी थँक्यू म्हणालो तर त्या म्हणाल्या "थँक्यू काय त्यात, पाणीच तर दिलं", आणि डबा परत कधी आणू विचारलं तर "पुन्यांदा याल तवा".

तेव्हापासून मी या गोष्टीवर जे संशोधन झालंय ते वाचत सुटलोय, कारण खरं सांगायचं तर उत्क्रांतीच्या हिशोबानं, पदरचं खर्चून परक्याला केलेली ही मदत हे एक मोठं कोडं आहे. आपल्या रक्ताच्या माणसाला मदत का करतो याचं उत्तर विल्यम हॅमिल्टननं १९६४ मध्ये दिलं, नात्यातल्या माणसात आपलीच जनुकं असतात, त्याचं भलं ते काही अंशी आपलंच. पुढं १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं दुसरी बाजू मांडली की नातं नसलं तरी आज मी तुझ्या उपयोगी पडतो, उद्या तू माझ्या, असं चालत असेल तर मदत टिकते. आपल्याकडं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पैरा म्हणजे तेच. आज तुमच्या रानात माझं घर खुरपायला, उद्या माझ्या रानात तुमचं. इर्जिकही तशीच, एकाच्या नांगरटीला सगळ्यांची बैलं आणि मालकाकडं सगळ्यांचं जेवण.

पण मी ना आजींच्या नात्यातला, ना त्यांच्या रानात कधी खुरपायला जाणार. मग गुळाचा खडा का?

इथं १९९८ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड या दोघांनी मांडलेलं गणित उपयोगी पडतं. मी तुला मदत केली तर परतफेड तूच करावी असं काही नाही, चार लोकांनी ते बघितलं, ऐकलं, माझं नाव चांगलं झालं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तिसराच कुणीतरी धावून आला, एवढ्यावरही मदतीची पद्धत समाजात टिकू शकते हे त्यांनी दाखवलं. याला अप्रत्यक्ष परतफेड म्हणतात. यात सगळा खेळ माहितीवर चालतो, कोण कसं वागतो हे लोकांना कळलं पाहिजे. आता "कुणापैकी?" या प्रश्नाकडं परत बघा. शहरातल्या माणसाला तो चौकशीखोर वाटतो, मलाही कॉलेजात असताना वाटायचा, पण दोन-तीन प्रश्नात अनोळखी माणूस ओळखीच्या जाळ्यात कुठंतरी अडकवून टाकायची ती फार जुनी आणि फार चोख पद्धत आहे. एकदा मी सावळजच्या नातीच्या गावाकडचा झालो की मी परका राहिलो नाही, मी चांगलं वाईट काही केलं तरी ते कधीतरी फिरून आजींच्या कानावर येणार.

आता दूधवाल्याचं. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण त्याच्याकडं वेळ नव्हता. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला. धर्मगुरू व्हायला निघालेले ४० विद्यार्थी, त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, आणि वाटेत एक माणूस दाराशी खोकत, कण्हत पडलेला ठेवला. काहींना सांगितलं अजून वेळ आहे, काहींना वेळेत निघा, काहींना उशीर झालाय पळा. ज्यांना सवड होती त्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, मधल्यांपैकी ४५ टक्के, आणि घाईतले फक्त १० टक्के. यातल्या बऱ्याच जणांना भाषण द्यायचं होतं ते वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच! मनात काय चाललंय यापेक्षा हातात किती मिनिटं आहेत यानं फरक पडला. म्हणून गावातली माणसं मनानं चांगली आणि शहरातली वाईट असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. त्या दूधवाल्यानं घाईतसुद्धा स्वतःच्या वाटणीची दोन मिनिटं दिली आणि उरलेली मदत पंक्चरवाला आणि आजी यांच्यात वाटून टाकली, कारण फाट्यावर कोण आहे आणि वस्तीवर कोण आहे हे त्याला पाठ होतं.

दुसरं म्हणजे त्या रस्त्यावर तो एकटाच होता. डार्ली आणि बिब लटाने यांनी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माईकवरून बोलायला लावलं आणि त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. हे आपण एकट्यानंच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यातले ८५ टक्के फिट चालू असतानाच सांगायला बाहेर धावले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तिथं हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. कुणीतरी जाईलच, असं प्रत्येकाला वाटतं. ओसाड रस्त्यावर ते कुणीतरी नसतंच, जो आहे तो आपणच. (गर्दीत कुणीच मदत करत नाही असा याचा अर्थ मात्र काढू नका. इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज २०१९ मध्ये तपासलं तेव्हा दहातल्या नऊ ठिकाणी बघ्यांपैकी कुणी ना कुणी मधे पडलेलं होतं.)

गाव आणि शहर यांची तुलना बऱ्याच लोकांनी केलीय. स्टॅनली मिलग्रॅमनं १९७० मध्ये म्हटलं की शहरात माणसावर आवाज, चेहरे, मागण्या यांचा इतका मारा होतो की तो स्वतःला वाचवायला म्हणून बरंच काही बघायचंच सोडून देतो. ऑस्ट्रेलियात ५५ गावा-शहरांत केलेल्या अभ्यासात लहान गावं बहुतेक बाबतीत पुढं निघाली. पण ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावर टाकलेली पत्रं कोण पोस्टात टाकतं, पडलेली वस्तू कोण उचलून देतं, रस्ता ओलांडणाऱ्यासाठी गाडी कोण थांबवतं हे मोजलं, तेव्हा गाव-शहर असा फरकच निघाला नाही, फरक पडला तो वस्तीच्या गरिबी-श्रीमंतीनं, हलाखीच्या वस्तीत मदत कमी. आणि जगातल्या २३ मोठ्या शहरांत अनोळखी माणसाला किती मदत मिळते हे रॉबर्ट लेव्हिननं तपासलं त्यात आपलं कोलकाता वरच्या काही शहरांत आलं, एवढी गर्दी असून. म्हणजे मातीत काही जादू नाही. सवड, ओळख आणि पोटाची चिंता किती, यावर बरंच ठरतं.

आता आजींचं ते "थँक्यू काय त्यात". हे मला सगळ्यात आवडलेलं संशोधन. इंग्रजी, इटालियन, पोलिश, रशियन, लाओ, इक्वेडोरमधली चापालाआ अशा आठ भाषांमधली घरातली, अंगणातली, ओट्यावरची रोजची बोलणी व्हिडिओवर घेऊन अभ्यासकांनी मोजलं. मीठ दे, जरा हे धर, सरक थोडा, असल्या बारीक मदतीची गरज माणसं साधारण दर सव्वादोन मिनिटांनी दाखवतात, आणि नाही म्हणण्याच्या सातपट वेळा हो म्हणतात. नाही म्हणायचंच असेल तर बहुतेक वेळा कारण देतात, हो म्हणायला मात्र कारण लागत नाही. आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की शब्दानं आभार मानणं वीस वेळात जेमतेम एकदा घडतं, इंग्रजी आणि इटालियनमध्ये जरा जास्त, आणि चापालाआत तर आभाराला नेमका शब्दच नाही. ही बोलणी घरच्या-शेजारच्या माणसांमधली आहेत, परक्यांमधली नाहीत. म्हणूनच मला वाटतं मी थँक्यू म्हणालो तेव्हा आजींना ते टोचलं. त्यांनी मला घरातला करून घेतलं होतं आणि मी तो हिशोब मिटवायला निघालो होतो.

हिशोबाचीही गंमत आहे. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई गुराख्यांमध्ये ओसोतुआ नावाचं नातं असतं, शब्दाचा मूळ अर्थ नाळ. ज्याच्याशी हे नातं आहे तो खरी गरज असेल तरच मागतो, लागेल तेवढंच मागतो, आणि समोरचा स्वतः अडचणीत येणार नसेल तर देतो. कोण किती देणं लागतो याची वही नसते. अभ्यासकांनी कॉम्प्युटरवर असे कळप चालवून बघितले, आजार, दुष्काळ मधेच आणून, तर ओसोतुआच्या नियमानं चालणारे कळप एकेकट्यापेक्षा जास्त वर्षं तगले. कारण सरळ आहे, संकट दोघांवर सहसा एकाच वेळी येत नाही. २०१९ साल आठवा. उन्हाळ्यात माण, आटपाडी, जतकडं चारा छावण्या, जनावरं जगवायची मारामार, आणि ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी न आलेल्या गावांतून टेम्पो भरभरून भाकऱ्या आल्या. फडक्यात बांधलेल्या, सोबत ठेचा, चटणी, कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या पोटात गेली हे ना देणाऱ्याला माहीत ना खाणाऱ्याला. पैऱ्याचा दिवस माणसं लक्षात ठेवतात आणि फेडतात, पुरातल्या भाकरीचा हिशोब कुणी धरत नाही. आपल्याकडं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट गिळून पुढं जाता येत नाही. आजींच्या याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली भीमराव नावाचं दहाएक वर्षांचं पोर, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, आपल्या भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघालं होतं. मसूर स्टेशनला उतरले, न्यायला कुणी आलं नव्हतं. पोरं महार आहेत कळल्यावर दुप्पट भाडं देऊनही गाडीवाले न्यायला तयार होईनात, शेवटी एक तयार झाला तो गाडी पोरांनीच हाकायची आणि आपण शेजारून चालायचं या अटीवर. जवळ खायला होतं पण प्यायला पाणी कुणी देईना, रात्र तशीच उपाशी काढली. तीच ही माणसं, तीच ही पाव्हणं म्हणणारी भाषा. "कुणापैकी?" हाच प्रश्न, आणि त्याच्या उत्तरावर तांब्या पुढं यायचा किंवा मागं जायचा. ज्या जाळ्यानं मला सावलीत बसवलं त्यानंच त्या पोरांना तहानलेलं ठेवलं, आणि मी माझं आडनाव सांगितलं तेव्हा त्याचा मला फायदा झाला हे मला नाकारता येत नाही.

मार्क लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग यावर बरंच बोलतो. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसमोर पळणारा एक माणूस घसरून पडतो. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर बहुतेक सगळे धावतात, लिव्हरपूल या विरोधी संघाचा किंवा साधा असेल तर थोडेच. मग प्रयोग परत केला, फक्त आधी त्या चाहत्यांशी बोलताना विषय बदलला, तुम्ही युनायटेडचे असं न म्हणता तुम्ही फुटबॉलचे चाहते असं म्हटलं. एवढ्यानं लिव्हरपूलचा शर्टही आपला झाला. साधा शर्ट घातलेला मात्र तेव्हाही बाहेरच राहिला. म्हणजे आपलं कोण याची रेघ दगडावरची नाही, बोलण्यातल्या एका शब्दानं ती सरकते, आणि ती कुठवर सरकली हेही मोजता येतं.

आजींनी मला पाणी दिलं ते "कुणापैकी?" विचारायच्या आधी. हा क्रम मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून बघितला, तांब्या आधी, गूळ आधी, प्रश्न मग. दूधवाल्यानं तर काहीच विचारलं नव्हतं, बसलेलं चाक बघितलं आणि थांबला.

तो डबा अजून आमच्याकडं आहे. शेंगा संपल्यावर घासून फळीवर ठेवला तर आई म्हणाली, रिकामा नेऊ नकोस, भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून यंदाचा बेदाणा शेडवरनं आला की त्यातला चांगला निवडून भरायचाय आणि दहिवडीच्या रस्त्याला त्या बाभळीपाशी जायचंय. आजी तो डबा परत रिकामा ठेवून घेतील असं वाटत नाही.