एचआयव्हीत टीबी म्हणजे शेवट?

‘एचआयव्ही असलेल्याला टीबी झाला की संपलं, औषधांचा उपयोग नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. ही भीती उगाच नाही; एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारी औषधं) येण्याआधी अनेक घरांनी ते पाहिलंय.

पण टीबी होतो जंतूमुळे. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी) घटतात आणि अंगात दबून बसलेल्या जंतूचं फावतं. रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे पेशी २०० च्या खाली गेल्या तर जास्तच. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत असेल, तर साधारण ६ महिन्यांच्या गोळ्यांनी टीबी बरा होतो, एचआयव्ही असला तरी. सोबत एआरटी घेतली की पेशीही सहसा वाढतात. उशीर मात्र महागात पडतो.

खात्री करायचीय? सीडी४ चा जुना नि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे बघा. खोकला असेल तर थुंकी तपासा. अशा रुग्णांचा एक्स-रे टीबी असूनही कधीकधी साफ दिसतो.