अरब देशांतल्या विद्यापीठांत एक सत्र दुसरीकडे: पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

दुबई, शारजा, मस्कत, दोहा इथल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना एक सत्र कैरो (इजिप्त), अम्मान (जॉर्डन), बैरुत (लेबनॉन) किंवा रबातला (मोरोक्को) करता येतं. त्यासाठी चालू पदवी सोडावी लागत नाही की नव्याने प्रवेश घ्यावा लागत नाही. अर्ज मंजूरही होतो. घोळ पुढे होतो: विषयांची मान्यता लेखी घेतलेली नसते, किंवा शिकत असलेल्या देशातला निवासी व्हिसा बाहेर असतानाच संपतो. म्हणून ही माहिती अर्जाच्या फॉर्मपेक्षा या दोन गोष्टींभोवती जास्त आहे.

मार्ग कोणते

पहिला आणि सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे दोन विद्यापीठांमधला करार. यात फी आपल्याच विद्यापीठात भरायची आणि यजमान विद्यापीठ शिक्षण शुल्क घेत नाही. वसतिगृह, जेवण, विमा, व्हिसा आणि तिकीट हा खर्च विद्यार्थ्याचा. हे करार बरोबरीवर चालतात. तुमच्याकडून तिकडे जितके गेले तितके तिकडून यायला हवेत. एखाद्या वर्षी तिकडून कोणीच आलं नाही, तर करार असूनही जागा मिळत नाही. त्यामुळे 'करार आहे का' एवढंच विचारून थांबू नका, 'या सत्राला जागा किती आहेत' हेही विचारा.

करार नसेल तर पाहुणा विद्यार्थी म्हणून जाता येतं. मग यजमान विद्यापीठाची पूर्ण फी भरावी लागते, आणि त्या काळात आपल्या विद्यापीठात रजा घ्यायची की नोंदणी चालू ठेवायची हे आधी ठरवावं लागतं. रजा घेतली तर शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी व्हिसा दोन्हींवर परिणाम होऊ शकतो.

तिसरा मार्ग उन्हाळी प्रशिक्षणाचा. अरब विद्यापीठ संघाची स्थापना 1964 ची, मुख्यालय अम्मानला. या संघाच्या छत्राखाली विद्यार्थी प्रशिक्षणाच्या जागांची अदलाबदल होते. विद्यापीठं आपापल्या जागा मांडतात आणि तितक्याच बदल्यात घेतात. सहसा यजमान राहण्याची सोय करतो आणि तिकीट विद्यार्थ्याचं असतं. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना याच पद्धतीवर चालणारी आयएईएसटीई ही 1948 ची आंतरराष्ट्रीय संस्थाही खुली आहे. दोन्हीकडे विद्यार्थी परस्पर अर्ज करत नाही. विद्यापीठाच्या प्रशिक्षण कार्यालयाकडून नाव जावं लागतं.

एक सूचना भारतीय विद्यापीठांच्या आखातातल्या शाखांत शिकणाऱ्यांसाठी. दोह्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली संस्था आहे, दुबईत सिम्बायोसिस आहे. मूळ विद्यापीठाने केलेला करार शाखेला लागू होतोच असं नाही. करारात शाखेचा उल्लेख आहे का, हे लेखी विचारून घ्या.

पात्रता

बहुतेक ठिकाणी किमान दोन सत्रं पूर्ण झालेली, 4 पैकी 2.5 किंवा 3 च्या वरची सरासरी, शिस्तभंगाची कारवाई नाही आणि फीची थकबाकी नाही, एवढं लागतं. शेवटचं सत्र बाहेर करता येत नाही, कारण पदवीची शेवटची क्रेडिटं आपल्याच विद्यापीठात घ्यावीत असा नियम बहुतेकांचा असतो.

भाषेचं मात्र नीट बघा. जॉर्डन आणि इजिप्तमध्ये वैद्यकीय शिक्षण मुख्यतः इंग्रजीत होतं, सीरियात अरबीत. मोरोक्को आणि ट्युनिशियात अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापनाचा मोठा भाग फ्रेंचमध्ये चालतो. 'अरब देश आहे म्हणजे अरबी चालेल' या समजुतीने रबातला गेलेला विद्यार्थी पहिल्याच तासाला अडकतो. विभागाकडून प्रत्येक विषयाची शिकवण्याची भाषा लिहून मागवा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली सर्वसाधारण भाषा त्यासाठी पुरत नाही.

विषयांची मान्यता: इथे वेळ घाला

शिक्षण करार नावाचं एक पान असतं. डावीकडे यजमान विद्यापीठातले विषय, उजवीकडे त्या बदल्यात आपल्या पदवीत मोजले जाणारे विषय, खाली तिघांच्या सह्या: विद्यार्थी, आपला विभागप्रमुख, यजमान समन्वयक. हे पान निघण्याआधी पूर्ण झालं पाहिजे. प्रत्येक विषयासोबत आठवड्यागणिक अभ्यासक्रम जोडा. नुसत्या विषयाच्या नावावर कोणताही शहाणा विभागप्रमुख सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बदली विषय दोन-तीन जास्तच मंजूर करून ठेवा, कारण पोहोचल्यावर एखादा विषय त्या सत्रात शिकवलाच जात नाही असं हमखास होतं.

क्रेडिटचा हिशोब दोन पद्धतींत चालतो. आखात, जॉर्डन आणि लेबनॉनमधली अमेरिकन पद्धतीची विद्यापीठं क्रेडिट तास मोजतात: 3 क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रभरात साधारण 45 तास वर्ग, आणि एका सत्रात 15 च्या आसपास क्रेडिट. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात फ्रेंच वळणाची पद्धत आहे: सत्राला 30 क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला 180. म्हणजे तिकडचा 6 क्रेडिटचा घटक आपल्या 3 क्रेडिटच्या विषयाएवढा. हे लक्षात न घेता कोणी 12 क्रेडिट पुरेत म्हणून दोनच घटक घेतो आणि घरच्या हिशोबात 6 वर येऊन अर्धवेळ विद्यार्थी ठरतो.

गुणांचंही तसंच. तिकडे गुण 20 पैकी, उत्तीर्ण 10 ला. 14 म्हणजे चांगले, 16 म्हणजे फारच चांगले. आपल्या निबंधक कार्यालयाने सरळ टक्केवारी काढली तर 12 चे 60 टक्के होतात आणि चांगला विद्यार्थी ड श्रेणीत जातो. म्हणून गुणरूपांतराचं कोष्टक शिक्षण कराराला जोडून त्यावर सही घ्या. शिवाय या पद्धतीत भरपाईचा नियम असतो: एका विषयात 8 आणि दुसऱ्यात 13 असतील, तर सरासरीवर दोन्ही पास धरतात. यजमानाच्या दृष्टीने विद्यार्थी पास, घरच्या निबंधकाला मात्र 8 दिसतात आणि तो विषय नापास. भरपाईने मिळालेली क्रेडिटं धरणार का, हा प्रश्न जाण्यापूर्वीच विचारायचा.

बऱ्याच विद्यापीठांत बाहेरच्या विषयाला किमान क श्रेणी लागते आणि त्याची फक्त क्रेडिटं येतात, गुण सरासरीत धरले जात नाहीत. सरासरी वाढवायच्या आशेने जाणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं.

तारखा

अमिरातीत पहिलं सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. इजिप्तच्या सरकारी विद्यापीठांत ते सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं आणि परीक्षा जानेवारीत जातात. तोवर शारजात दुसऱ्या सत्राचे वर्ग भरलेले असतात. उपाय दोन: अमेरिकन वेळापत्रकाचं यजमान विद्यापीठ निवडा, किंवा दुसरं सत्र बाहेर करा. दुसऱ्या सत्रात सध्या रमजान येतो. 2026 मध्ये त्याची सुरुवात फेब्रुवारीच्या मध्यानंतरची, पुढे दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकणार. या महिन्यात तासिका आखूड होतात आणि कार्यालयं लवकर बंद होतात, म्हणून निवास परवान्याची कामं त्याआधी उरका. कैरो-अम्मानला सुट्टी शुक्रवार-शनिवार, बैरुत-रबातला शनिवार-रविवार. अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार, शारजाच्या सरकारी कार्यालयांना शुक्रवारीही.

कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध, निवासी व्हिसा किंवा ओळखपत्राची प्रत, गुणपत्रक, नोंदणीचा दाखला, विद्यापीठाचं शिफारसपत्र, शिक्षण करार, भाषेचा पुरावा, आरोग्य प्रमाणपत्र, यजमान देशात चालणारा विमा आणि बँकेचा उतारा. शिकत असलेल्या देशातला विमा सहसा बाहेर चालत नाही. वसतिगृहासाठी मुलींकडून अनेक ठिकाणी पालकांचं संमतीपत्र मागतात. ते अरबी भाषांतरासह आधीच करून ठेवा.

मराठी नावांनी एक खास अडचण येते. अरबी लिपीत प आणि च ही अक्षरं नाहीत. पाटील कधी 'बातील' होतो, चव्हाण एका कागदावर 'शाफान' आणि दुसऱ्यावर 'तशाफान'. भाषांतरकाराला निवासी ओळखपत्राची प्रत द्या आणि त्यावरचंच अरबी लेखन सगळीकडे ठेवायला सांगा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून पूर्ण नाव एकाच ओळीत असेल, तर विद्यापीठाच्या नोंदीतही तसंच आहे का पाहा.

साक्षांकनासाठी कागद कोणत्या देशाचा आणि जाणार कुठे, हे दोन्ही पाहावं लागतं. भारत, ओमान, बहरीन, सौदी अरेबिया (डिसेंबर 2022 पासून), मोरोक्को आणि ट्युनिशिया परदेशी कागदपत्रांच्या साक्षांकनाविषयीच्या हेगच्या करारात आहेत, त्यांच्यात एक अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का) पुरतं. अमिराती किंवा कतारचा कागद इजिप्तला जायचा असेल, तर कागद ज्या देशाचा तिथलं शिक्षण खातं, परराष्ट्र खातं, मग इजिप्तचा दूतावास अशी साखळी लागते. क्रम चुकला तर दूतावास कागद परत देतो.

व्हिसा, जाण्याचा आणि परतीचा

इजिप्तच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचं काम वाफिदीन विभाग पाहतो. सुरक्षा मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पर्यटक व्हिसावर आधी जाऊन पाहू असा बेत करू नये. मोरोक्कोत सरकारी संस्थांमधल्या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद मोरोक्कन आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेमार्फत होते. तिथे आणि ट्युनिशियात 90 दिवसांहून जास्त राहायचं तर निवासपत्र काढावं लागतं, आणि त्याचा अर्ज 90 दिवस संपायच्या आत करायचा.

परतीचा व्हिसा जास्त महत्त्वाचा. अमिराती, ओमान, कतार, कुवेत इथे सलग सहा महिने बाहेर राहिलं की निवासी व्हिसा सामान्यतः रद्द धरला जातो. सत्र चार-साडेचार महिन्यांचं, म्हणजे वरवर सुरक्षित. पण सत्र संपताच मुलं थेट पुण्या-नाशिकला सुट्टीला जातात आणि मोजणी चालूच राहते. मध्ये एकदा परत येऊन शिक्का घेऊन मग भारतात जा. अमिरातीत विद्यार्थी व्हिसा वर्षाचा असतो आणि नूतनीकरणासाठी 18 वर्षांवरील व्यक्तीची वैद्यकीय तपासणी देशातच होते, त्यामुळे तो मध्ये संपत असेल तर जाण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्या. सौदीत बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना पूर्ण सत्र आणि वर महिनाभर पुरेल एवढा घ्या.

प्राध्यापक आणि कर्मचारी

यात तीन प्रकार पडतात: एक-दोन आठवड्यांची अध्यापन किंवा परीक्षक भेट, एका सत्राचं पाहुणं प्राध्यापकपद, आणि वर्षभराहून मोठी उसनवारी, म्हणजे मूळ नोकरी राखून दुसऱ्या विद्यापीठात काम. इजिप्तच्या प्राध्यापकांची आखातात होणारी उसनवारी 1972 च्या 49 क्रमांकाच्या विद्यापीठ कायद्याखाली चालते.

कोणत्याही प्रकारात निमंत्रणपत्रात चार गोष्टी हव्यात: तारखा, विषय, आठवड्याचे तास आणि पैसे कोण देणार. त्यावर विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि कुलगुरू कार्यालयाचं ना-हरकत पत्र. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय प्राध्यापकांनी मानधनाबद्दल जपून राहावं. व्हिसा एका मालकाच्या नावावर असताना दुसऱ्याकडून मोबदला घेणं परवान्याशिवाय बेकायदा ठरू शकतं. प्रवास-निवास खर्चाची भरपाई आणि मानधन यांचा उल्लेख पत्रात वेगवेगळा असू द्या.

पीएच.डी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची असेल, तर विद्यापीठाची पडताळणी, राज्याच्या शिक्षण खात्याचं साक्षांकन, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि अमिराती, कतार किंवा कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचं. विद्यापीठाची पडताळणी सर्वांत जास्त वेळ खाते, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

परत आल्यावर

गुणपत्रक यजमान विद्यापीठातून थेट आपल्या निबंधकाकडे, शिक्क्यासह, बंद पाकिटात किंवा अधिकृत ईमेलने जावं लागतं. फ्रेंच पद्धतीत फेरपरीक्षेनंतरच अंतिम निकाल लागतो, म्हणून महिना-दोन महिने उशीर धरून चला. निघण्याआधी वसतिगृह, ग्रंथालय आणि लेखा विभागाचं थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. दीडशे दिनारची ग्रंथालयाची बाकी राहिली तरी गुणपत्रक अडतं, आणि ती बाहेरून भरणं फार कटकटीचं होतं.