रस्तेदुरुस्तीचा पैसा जिल्ह्यांत वाटायचा कसा? पेट्रोलपासून अनुशेषापर्यंत

रस्त्यांचा पैसा कोणत्या मापाने वाटायचा, हा वाद महाराष्ट्र राज्यापेक्षा जुना आहे. पहिले माप पेट्रोलचे होते. बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. केंद्राची राखीव रक्कम काढून उरलेला पैसा प्रांतांना पेट्रोलच्या खपाप्रमाणे मिळे. हिशेब सरळ होता, पण रस्ता नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून पेट्रोल नाही आणि पेट्रोल नाही म्हणून रस्त्याला पैसा नाही, अशी गोम त्यातच होती. 2000 च्या कायद्याने या निधीची नव्याने मांडणी झाली. अलीकडच्या नियमांत राज्यांचा वाटा ठरवताना खपाला 30 टक्के आणि क्षेत्रफळाला 70 टक्के वजन आहे.

महाराष्ट्रातले दुसरे माप लोकसंख्येचे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची हमी दिली. मराठवाडा मागास म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष देण्याचेही त्यात होते. शाळा-दवाखान्यांना हे माप बरे. रस्त्याला ते तोकडे पडते. 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीत 14,412 चौरस किलोमीटरवर पावणेअकरा लाखांच्या आत माणसे होती, तर कोल्हापुरात 7,685 चौरस किलोमीटरवर जवळपास 39 लाख. डोई मोजून वाटले की गडचिरोलीच्या लांबच लांब रस्त्यांना काही उरत नाही. क्षेत्रफळ मोजून वाटले की कोल्हापुरातली ऊसगाड्यांखाली दबणारी सडक उपाशी राहते.

तिसरे माप अनुशेषाचे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीचे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 1984 मध्ये जिल्हावार मोजणी केली. राज्याची सरासरी काढायची, तिच्याखाली असलेल्या जिल्ह्याची तूट मोजायची आणि एककाच्या खर्चाने गुणून ती रुपयांत मांडायची, अशी ही पद्धत. रस्त्यांसह सगळ्या क्षेत्रांचा मिळून एकूण अनुशेष 3,186 कोटींच्या पुढे गेला. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के, मराठवाड्याचा साधारण 24 आणि उर्वरित महाराष्ट्राचा 37. जिल्हा हा घटक धरल्यामुळेच उर्वरित महाराष्ट्रातले मागे राहिलेले जिल्हेही दिसले, हे या मोजणीचे मोठे काम. घटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये 1956 पासूनच तरतूद असलेली, या तीन विभागांसाठीची विकास मंडळे मात्र 1994 मध्ये अस्तित्वात आली आणि एप्रिल 2020 अखेर त्यांची मुदत संपली.

आता खरी अडचण. अनुशेष मोजतो तो न झालेला रस्ता. दुरुस्ती लागते ती झालेल्या रस्त्याला. अनुशेषाचा पैसा योजनेतला, म्हणजे बहुतांशी लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले खाते) 5054 वरचा, भांडवली, नवे बांधण्याचा. देखभालीचा पैसा लेखाशीर्ष 3054 वर, महसुली, म्हणजे चालू खर्चाचा, आणि 2016-17 पर्यंत योजनेतर. अनुशेष भरून निघत असताना जिल्ह्याची लांबी वाढत गेली, पण त्या प्रत्येक किलोमीटरचा देखभाल खर्च 3054 वर आपोआप चढला नाही. त्यातही इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते 1962 पासून जिल्हा परिषदांकडे. त्यांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे.

लांबीवर वाटणी केली तरी भागत नाही. 3.75 मीटर रुंदीचा एक किलोमीटर म्हणजे 3,750 चौरस मीटर डांबरी पृष्ठभाग; 20 मिलिमीटर कारपेट (खडी-डांबराचा वरचा थर) घातले तर 75 घनमीटर माल. हे गणित लातूरला आणि रत्नागिरीला सारखेच, पण थर टिकतो किती हे सारखे नाही. कापसाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. ओल-कोरड्याचा हा खेळ कडेला जास्त, म्हणून साइडपट्टीलगत लांबट भेगा पडतात. कोकणात गटार तुंबले की पाणी डांबरावर उभे राहते, खडीवरचे डांबर सुटते आणि गाड्यांची चाके उरलेले काम करतात. समजा, अ आणि ब या दोन जिल्ह्यांत प्रत्येकी 3,000 किलोमीटर रस्ता आहे. अ मध्ये थर सहा वर्षे टिकतो, ब मध्ये चार. वर्षाला अ ला 500, ब ला 750 किलोमीटरचे नूतनीकरण लागेल. लांबी सारखी म्हणून दोघांना 625 किलोमीटरचा पैसा दिला, तर ब मध्ये दरवर्षी 125 किलोमीटर मागे पडतात. मागे पडलेल्या रस्त्यात पाणी मुरले की नुसत्या कारपेटने भागत नाही; खालची खडी उकरावी लागते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. खड्डा चौकोनी कापून, झाडून, टॅककोट (थर चिकटवणारे पातळ डांबर) मारून, थराथराने दाबून भरायचा असतो. पैसा उशिरा आणि तोकडा आला की भर पावसात मुरूम टाकून मोकळे होतात.

देखभालीला वेगळा पैसा द्यावा, हे वित्त आयोगांनी मान्य केले होते. बाराव्या आयोगाने रस्ते-पुलांच्या देखभालीसाठी राज्यांना मिळून 15,000 कोटी दिले, तेही राज्याच्या नेहमीच्या खर्चात कपात न करण्याच्या अटीवर. तेराव्यानेही असे अनुदान ठेवले. चौदाव्या आयोगाने ते बंद केले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. सहाव्या वर्षी तो रस्ता पुन्हा 3054 च्या रांगेत येतो.