"कपाटात जपून ठेवलेला" कॅमेरा म्हणे बेस्ट!

हे पालुपद मी रत्नागिरीत किती वर्षं ऐकतोय, की जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा तर न वापरलेला, लेदर केसमध्ये जपलेलाच घ्या. अहो, कोकणातला पावसाळा आणि बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रणच, ती लेन्सवर जाळं धरते आणि कोटिंग खाल्लं की पुसूनही डाग जात नाही. लेदर तर ओल धरूनच ठेवतं.

त्यापेक्षा वापरातला बघा. लेन्सवर तिरका टॉर्च मारा, मागचं झाकण उघडून उजेड आत शिरू नये म्हणून लावलेला फोम चिकट झालाय का बघा, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज दिसला तर भाव पाडा नाहीतर सोडा. ऑलिंपस ट्रिप ३५ असेल तर त्याला बॅटरी नसतेच, लेन्सभोवतीच्या जाळीमागच्या सेलेनियमवर, म्हणजे उजेडावर वीज करणाऱ्या पट्टीवर त्याचा प्रकाश मोजणारा मीटर चालतो, रिंग 'ए' (ऑटो) वर ठेवून ती जाळी हाताने झाका नि बटण दाबा, व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी आली पाहिजे. नाही आली, किंवा हात काढून भर उजेडातही येतच राहिली, तर मीटर बहुतेक बिघडलाय, मग कितीही चकचकीत असू दे.