सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’

गणपती गेले की नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर एक आवाज हमखास ऐकू येतो. चावी फिरते, मशीनच्या पोटातून ‘टक्’ होतं आणि मग शांतता. यंदा तो आवाज आमच्या बोटीतून आला. बोट आत्तेभावाची. एकोणीस फुटी, फायबरची, वीसेक वर्षांची. पेट्रोल इंजिन आत, मागच्या झाकणाखाली. पावसाळाभर ताडपत्रीत होती. भावाने बॅटरीला मल्टिमीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. “मग सेल्फच गेला,” म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, असं म्हणून तो गाडीचा सेल्फ स्वस्तात कुठे मिळेल ते फोनवर शोधायला लागला.

शेजारच्या होडीत जाळं नीट करत बसलेल्या काकांनी मान वर न करताच सांगितलं, “सेल्फ खोलू नको रे. आधी वायरला हात लावून बघ.”

बॅटरीतून इंजिनच्या लोखंडाकडे जाणारी जाड काळी वायर टोकाशी चांगलीच तापली होती.

मल्टिमीटर खोटं बोलला नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला होता. दुपारी कोणी पाणी वापरत नसतं तेव्हा सोसायटीतल्या गंजक्या पाइपातही प्रेशर झकास असतं. सकाळी सगळे नळ सुटले की चौथ्या मजल्यावर धार करंगळीएवढी. विजेचंही तसंच आहे. प्रवाह वाहत नसेल तर खराब सांधा दिसतच नाही. सेल्फला मात्र शंभर अॅम्पियर आणि त्याहूनही जास्त लागतात. सांध्याचा रोध फक्त 0.04 ओहम धरा. शंभर गुणिले 0.04, म्हणजे चार व्होल्ट वाटेतच गेले. सेल्फच्या वाट्याला उरलेलं त्याला गरगरवायला पुरत नाही. आणि ते चार व्होल्ट जातात कुठे? 400 वॅट उष्णता होऊन त्या टोकात. घरचा लहान मिक्सर फिरेल एवढी ताकद एका गंजलेल्या नट-बोल्टमध्ये!

म्हणून मोजायचं ते चावी फिरवत असताना. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आमचा चारच्या आसपास नाचत होता.

वायरचं रबर सोललं. आत तांब्याच्या तारा ताम्हनासारख्या लखलखायला हव्यात. त्या काळ्या पडल्या होत्या, मधे हिरवी भुकटी. टोकापासून वीतभर आतपर्यंत हाच प्रकार. समईची वात तेल ओढते तसं बारीक तारांमधल्या फटींनी खारं पाणी आत ओढलं होतं. ही गाडीची साधी वायर होती, कधीतरी कोणीतरी घाईत टाकलेली. बोटीसाठीच्या वायरमध्ये प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असतो. आजीच्या पातेल्यांची कल्हईच ती, वेगळं काही नाही. तशी वायर आणली, टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, दाबून बसवलं, वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली. काम तासाभराचं.

सेल्फ गरगरला. इंजिन दोनदा खोकलं आणि बसलं.

आता पेट्रोल. फिल्टरच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, तर थोड्या वेळात त्याचे दोन थर झाले. जिलबीचा रंग पाण्यात मिसळतो, पेट्रोलमध्ये नाही. त्याचा एक थेंब टाकला, तो वरच्या थरातून सरळ खाली गेला आणि फक्त खालचा थर केशरी झाला. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी असेल तर इथेनॉल ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, आणि ते पाणी इंजिनातून निघूनही जातं. पण हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला बसतं. टाकीतली नळी ओढते नेमकी तळाचंच, आणि इथेनॉल गेल्यामुळे वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे अवेळी पेट न घेण्याचा गुण, घसरलेला. लोक इथेनॉलला शिव्या देतात. मी अर्ध्याच देतो. आमच्याकडे पाणी आलं होतं टाकीच्या झाकणाच्या चिरलेल्या वॉशरमधून.

अर्ध्या शिव्या मात्र रबरी नळीसाठी राखून ठेवल्यात. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं आणि घाम यावा तसं पेट्रोल झिरपू देतं. दिसत काही नाही. कोरडं फडकं नळीवरून फिरवायचं आणि हुंगायचं. आमच्या फडक्याला वास आला.

इथे वायरची आणि नळीची गोष्ट एकत्र येते, आणि जुन्या बोटीत मला खरी भीती वाटते ती इथेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गाडीचं इंजिन खालून मोकळं, वाफ निघून जाते. बोटीचा तळ म्हणजे बंद घमेलं. वाफ तिथेच साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की एक ठिणगी पुरते. सेल्फच्या फिरत्या भागाला घासून वीज देणाऱ्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतच असतात. म्हणून बोटीचा सेल्फ, डायनॅमो असे बंदिस्त करतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. गाडीचा सेल्फ तसा नसतो. भावाने फोनवरची ती शोधाशोध गुपचूप बंद केली.

खराब पेट्रोल डब्यात काढलं, नळी, वॉशर, फिल्टर बदलले, ताजं पेट्रोल भरलं. झाकण उघडं ठेवून तळाचा पंखा चार मिनिटं चालवला आणि तरीही दोघांनी वाकून वास घेतला. फक्त खाडीच्या चिखलाचा होता. चावी फिरवली, इंजिन लागलं.

तोवर ओहोटीने बोट तळाला टेकवली होती. काका जाळं गुंडाळून केव्हाच घरी गेले होते.