चटका न देणारा उजेड

"डॉक्टर, मशीन चालू झालं का नाई? काईच कळंना."

बीड जिल्ह्यातल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कोल्ड लेझर लावून घेणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं. परवा विचारणाऱ्या मावशी ऊसतोडीला जाणाऱ्या. हंगामभर कोयता चालवून उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी ठणका बसलेला. कळशी उचलताना, लुगडं पिळताना कळ थेट मनगटाकडे धावायची. या दुखण्याचं नाव टेनिस एल्बो, पण मला ते कोयता आणि खुरपं धरणाऱ्या हातांतच जास्त दिसतं.

मावशींना शेक माहीत होता, करंटही माहीत होता. लेझरच्या या प्रोबमधून, म्हणजे कातडीला टेकवायच्या दांडीतून, मात्र ऊब नाही की मुंग्या नाहीत. शस्त्रक्रियेतला लेझर पेशी जाळतो, कापतो. हा बहुतेक वेळा अर्ध्या वॅटहूनही कमी ताकदीचा असतो, म्हणून 'थंड'.

मग हा उजेड आत जातो तरी कसा? रात्री लाइट गेली की मोबाइलची बॅटरी बोटांना चिकटवून धरा. बोटं तांबडी दिसतील. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा रंग रक्तात बराचसा शोषला जातो, तांबडा आरपार येतो. म्हणूनच या उपचारात साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात.

आत पेशींमध्ये तंतुकणिका असतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपीच्या रूपात आणणं हे त्यांचं काम. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) हा प्रकाश शोषतं. आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं: दुखावलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू चिकटून बसतो आणि प्राणवायूचा वापर मंदावतो. प्रकाशाने तो सुटतो, एटीपी वाढतं, सूज उतरवणारे आणि नवे तंतू विणायला लावणारे संदेश सुटतात. वेदना वाहणाऱ्या नसाही काही काळ मंदावतात.

याचा शोध लागला तो अपेक्षा नसताना. 1967 साली हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांची पाठ भादरून त्यावर रुबी लेझर सोडत होते. लेझरचा शरीरावर काय परिणाम होतो, कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरला.

सगळी मेख मात्रेत आहे. हरभऱ्याला पाणी कमी पडलं तर घाटे भरत नाहीत, जास्त झालं तर पीक उभळतं. प्रकाशाचंही तसंच: कमी पडला तर परिणाम नाही, अति झाला तर परिणाम उलटा. जागाही नेमकी लागते. कोपराच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा 2008 साली एकत्र आढावा घेतला गेला. 904 नॅनोमीटरचा प्रकाश थेट स्नायुबंध हाडाला चिकटतो त्या जागी दिला तेव्हा वेदना कमी झाली. अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर दिला तेव्हा झाली नाही. म्हणून कुणी "लेझर मारतो" एवढंच म्हणालं, तर तरंगलांबी किती आणि जागेगणिक किती ज्यूल (म्हणजे किती ऊर्जा), हे बिनधास्त विचारा.

मानेच्या जुनाट दुखण्यातही फायदा दिसला आहे. 2009 सालच्या आढाव्यात 16 चाचण्या आणि 820 रुग्ण होते. सगळ्यात भक्कम आधार मला वाटतो तो तोंड येण्याबाबतचा. डोक्या-मानेच्या कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्यांचं तोंड इतकं सोलवटतं की घोटभर पाणीही उतरत नाही. ते टाळायला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये या प्रकाशाची शिफारस आहे. गुडघ्यांच्या झिजेवर तो वेदना हलकी करतो, झिजलेली कूर्चा परत आणत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर पैसे देऊ नका.

उपचार चालू असताना रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही डोळ्यांवर लेझर अडवणारा खास चष्मा हवाच. गरोदर बाईच्या पोटावर किंवा कर्करोगाच्या गाठीवर हा प्रकाश आम्ही सोडत नाही.

मावशींना मी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली दिली. हात टेबलावर टेकवायचा, तळवा खाली, मनगट हळू वर आणि त्याहून हळू खाली. लेझरने कळ थोडी निवली की हा व्यायाम सोसतो, आणि स्नायुबंधाला बळ यातूनच येतं. चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःच विचारलं, "कोयत्याची मूठ लईच बारीक हाय, आवळून धरावी लागती. चिंध्या गुंडाळून जाड केली तर?"

मी म्हणालो, पुढच्या वेळी कोयता घेऊनच या, इथंच बसून गुंडाळू.