पोकळ मॉडेल आतून भरताना: टेट मेशिंगची पार्श्वभूमी

एसटीएल या 3डी प्रिंटिंगच्या फाइलमधलं मॉडेल पडद्यावर भरीव दिसतं, पण प्रत्यक्षात ते त्रिकोणांचं नुसतं साल असतं. एखाद्या ब्रॅकेटवर भार टाकला की ताण कुठे एकवटतो, हे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून, काढायचं तर आतली पोकळी छोट्या छोट्या चतुष्फलकांनी (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्यांनी) भरावी लागते. पुण्यातल्या सीएई (कॉम्प्युटरवर इंजिनिअरिंगचे हिशेब करणाऱ्या) ऑफिसांत त्यांना सरळ 'टेट' म्हणतात. पृष्ठभाग बंद आहे ना, मग टाका भरून, असं नवख्याला वाटतं. ते तसं का जमत नाही, याचं उत्तर कॉम्प्युटर येण्याआधीच सापडलं होतं.

कागदावरचा कुठलाही बहुभुज, कितीही वाकडातिकडा असो, नवा बिंदू न घेता त्रिकोणांत मोडता येतो. तीन मितींत असं होत नाही, हे एरिख श्योनहार्ट या जर्मन गणितज्ञाने 1928 साली दाखवलं. त्रिकोणी प्रिझम घ्या आणि वरचा त्रिकोण थोडा पिळा, अशा बेताने की बाजूंचे तिन्ही चौकोन कर्णावर मोडून आत दबतील. आता कोपरे 6 आणि कडा 12. कोपऱ्यांच्या एकूण जोड्या 15, म्हणजे 3 जोड्या कडेने न जोडलेल्या राहिल्या, आणि त्यांना सांधणाऱ्या तिन्ही रेषा आकाराच्या बाहेरून जातात. टेट बनवायला कुठलेही 4 कोपरे निवडा, त्यांत या तीनपैकी एक जोडी येणारच. म्हणजे एकही टेट आत बसत नाही! आत एक नवा बिंदू घेतला की प्रश्न सुटतो. पण असा बिंदू एखाद्या आकाराला लागेल की नाही, हे ठरवणंच एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे त्याची झटपट रीत कोणाला माहीत नाही, हे रुपर्ट आणि झायडेल यांनी 1992 मध्ये सिद्ध केलं.

इंजिनिअरांची वाट वेगळी होती. कूरां या गणितज्ञाने 1943 मध्ये पिळाच्या गणितासाठी त्रिकोण वापरले. विमानाच्या पंखांसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा लेख आला 1956 मध्ये, आणि 'फायनाइट एलिमेंट' हे नाव क्लफनी 1960 मध्ये रूढ केलं. साठच्या दशकात टेटची सूत्रंही तयार झाली. मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, मात्र माणूसच बनवत होता.

ते काम यंत्राकडे गेलं ते दुसऱ्या एका जुन्या कल्पनेमुळे. बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाची 1934 सालची अट अशी: टेटच्या चारही कोपऱ्यांतून जाणाऱ्या गोलाच्या आत दुसरा कुठलाही बिंदू नको. 1981 मध्ये बोयर आणि वॉटसन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे पण एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, ही अट पाळायची रीत दिली. नवा बिंदू टाकायचा, तो ज्यांच्या गोलात पडतो ते टेट काढून टाकायचे आणि पडलेला खड्डा त्या बिंदूला जोडून भरायचा.

रीत देखणी, पण तिला तुमच्या पृष्ठभागाशी देणंघेणं नाही. ती बिंदू पाहते, त्रिकोण नाही. त्यामुळे मूळ सालाच्या कडा मेशमधून गायब होतात आणि त्या परत आणण्यात नव्वदचं दशक गेलं. त्यातच स्लिव्हरची कटकट. गोलाच्या विषुववृत्ताजवळ चार बिंदू घ्या: सगळ्या कडा ठीकठाक लांबीच्या, पण टेट पापडासारखा चपटा, घनफळ जवळपास शून्य. डेलोनेची अट पाळूनही हे उरतात आणि सॉल्व्हरला (ताणाची समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) रडवतात. दुसऱ्या टोकाला येरी आणि शेफर्ड होते. 1984 मध्ये त्यांनी अख्खी जागाच ऑक्ट्रीने (एका खोक्याची आठ, त्यांची पुन्हा आठ अशा रीतीने) खोक्यांत चिरली आणि सीमेवरची खोकी छाटली. आतला भाग सुबक, कडेला ओबडधोबड.

तोवर सगळ्यांनी एक गृहीत धरलं होतं: आलेला पृष्ठभाग निर्दोष आहे. त्याला तडा गेला तो, माझ्या मते, एसटीएलमुळे. 1987 मध्ये 3डी प्रिंटिंगसाठी आलेल्या या फॉरमॅटच्या बायनरी रूपात दर त्रिकोणाला 50 बाइट मिळतात. शेजारी कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रिंटरला मॉडेलचे आडवे काप करायचे असल्याने बारीकसारीक फट खपून जाते; मेशरला नाही. गंमत अशी की स्वस्त घरगुती प्रिंटरची लाट आणणारा रेपरॅप प्रकल्प 2005 मध्ये सुरू केला तो 1981 च्या रीतीतल्या याच एड्रियन बोयरनी. त्यानंतर नेटवर फाटक्या, स्वतःलाच छेदणाऱ्या मॉडेलांचा पूर आला.

श्योबर्ल यांचं नेटजेन, जेउझेन आणि रमाक्ल यांचं जीमेश, बर्लिनच्या हांग सी यांचं टेटजेन ही आजची नेहमीची फुकट हत्यारं. साल स्वच्छ असेल तर उत्तम चालतात. 2018 मधल्या टेटवाइल्डने गृहीतकच उलटं केलं: आलेले त्रिकोण म्हणजे नुसता ढिगारा समजा, अचूक परिमेय संख्यांत (अपूर्णांकांत, राउंडिंग न करता) हिशेब करून सगळी जागा टेटनी भरा, ठरलेल्या सैलाच्या (मूळ पृष्ठभागापासून हलायच्या मोकळिकीच्या) आत राहून टेट सुधारा आणि आत काय, बाहेर काय हे शेवटी ठरवा. नेटवरच्या दहा हजार मॉडेलांवर ते न अडखळता चाललं.

हा सैल आपोआप ठरतो तो मॉडेलला वेढणाऱ्या खोक्याच्या कर्णाचा हजारावा भाग. दीड मीटर कर्णाच्या भागाला म्हणजे दीड मिलिमीटर. त्यात 0.8 मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल तर त्याच्या दोन्ही बाजू त्या सैलात मावतात, म्हणून तिथे आकडा हाताने खाली आणावा लागतो, नाहीतर टेट सोडून शेल एलिमेंट (पातळ पत्र्यासाठीचे सपाट तुकडे) घ्यावे लागतात.